लग्नाची गांठ आणि देशाचें दार

वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यांत पोहरादेवी नांवाचें एक गांव आहे. संत सेवालाल महाराजांची समाधि आणि जगदंबेचें देऊळ यांमुळें बंजारा समाज या गांवाला आपली काशी मानतो. रामनवमीच्या यात्रेस महाराष्ट्रांतलेच नव्हे, तर तेलंगण आणि कर्नाटक येथील लोकहि येथें लोटतात. यात्रेंत आप्तेष्टांची गांठ पडते, आणि आप्तेष्टांची गांठ पडली म्हणजे सोयरिकीच्या गोष्टी निघाल्यावांचून राहत नाहींत. जुन्या काळीं तांड्यांतील लग्न नायकाच्या आणि पंचांच्या समक्ष लागे. नवरी निरोपाचीं गीतें गात सासरीं जाई, आणि नव्या घराचें दार तिला त्याच वेळीं उघडें होई. लग्न झालें याला पुरावा काय, असें विचारण्याचें कोणाच्या मनांत येत नसे. सगळा तांडा जाणतो, एवढा पुरावा पुरेसा होता.

आतां याच परिसरांतील एका मुलीची कल्पना करावी. ती शिकून पुण्यास चांगल्या पगाराची नोकरी करीत आहे. तिचें लग्न ब्रिटनमध्यें जन्मलेल्या व तेथलेंच नागरिकत्व असलेल्या एका तरुणाशीं ठरतें. पोहरादेवीस देवीचें दर्शन घेऊन लग्न थाटानें लागतें. तीन आठवड्यांची रजा संपतांच नवरा परत जातो. नवरी मात्र माहेरींच राहते. शेजारीपाजारी प्रथम कौतुकानें, मग काळजीनें आणि शेवटीं संशयानें विचारूं लागतात, "अजून नेलें नाहीं का?" घरांतल्या वडील माणसांनाहि उलगडा होत नाहीं. लग्न तर यथाविधि झालें; मग बायकोनें नवऱ्याच्या घरीं जाण्यास तिसऱ्या कोणाची परवानगी कशाला?

या प्रश्नाचें उत्तर थोडक्यांत देतां येतें. लग्न हें दोन माणसांमधलें आणि दोन घराण्यांमधलें नातें आहे. परदेशांत राहण्याचा परवाना हा एक माणूस आणि एक राज्य यांच्यामधला व्यवहार आहे. नातें हा त्या व्यवहाराचा आधार असतो, पण नातें जुळलें म्हणून व्यवहार आपोआप पुरा होत नाहीं. हा परवाना म्हणजेच पति किंवा पत्नी या नात्यानें मिळणारा व्हिसा. तो मागतांना आपलें लग्न अशा एका अधिकाऱ्यापुढें सिद्ध करावें लागतें, ज्यानें ना वऱ्हाड पाहिलें, ना तांडा, ना नवरानवरी. त्याच्यापुढें असतात ते केवळ कागद.

हा प्रकार फार जुना नाहीं. पहिल्या महायुद्धापूर्वीं बहुतेक देशांत पासपोर्टावांचून प्रवेश मिळत असे. हिंदुस्थानांत येणाऱ्यावर पासपोर्टाची सक्ति करण्याचा अधिकार सरकारनें घेतला तो १९२० च्या कायद्यानें. बंजारा समाजाच्या पूर्वजांनीं तर बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून सगळें दख्खन पालथें घातलें. पुढें रेल्वे आली आणि तो व्यापार बसला. मग १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा आला. त्याखालीं नोंदलेल्या जमातींना नेमून दिलेली हद्द सोडण्यासाठीं पास घेण्याची सक्ति करतां येऊं लागली. बंजाऱ्यांच्या कांहीं गटांनाहि या कायद्याचा जाच सोसावा लागला. तो कायदा १९५२ सालीं रद्द झाला. हालचालीसाठीं परवानगी मागणें म्हणजे काय, हें या समाजाला वेगळें समजावून सांगण्याची आवश्यकता नाहीं.

विवाहित स्त्रीच्या बाबतींत मात्र त्या काळचा नियम आजच्याहून अगदीं निराळा होता. ब्रिटिश साम्राज्याच्या १९१४ च्या राष्ट्रीयत्वाच्या कायद्याप्रमाणें ब्रिटिश प्रजाजनाची पत्नी ब्रिटिश प्रजाजन मानली जाई, आणि परकीयाशीं लग्न करणारी ब्रिटिश स्त्री परकीय ठरे. अमेरिकेंतहि १९०७ पासून परकीयाशीं विवाह करणारी स्त्री आपलें नागरिकत्व गमावीत असे. तो नियम १९२२ सालीं बऱ्याच अंशीं सैल झाला. ब्रिटननें १९४८ च्या कायद्यानें पत्नीचें राष्ट्रीयत्व पतीच्या राष्ट्रीयत्वापासून वेगळें केलें. स्त्रीचें राष्ट्रीयत्व तिचें स्वतःचें झालें, हा मोठाच न्याय झाला. परंतु त्याचा दुसरा परिणाम असा झाला कीं, पतीच्या देशाच्या दारांत ती आतां एक स्वतंत्र व्यक्ति म्हणून उभी राहते, आणि तिला स्वतःच्या नांवानें अर्ज करावा लागतो.

आपल्याच देशाचें दार बंद झाल्याचें उदाहरण विदर्भांतहि आहे. वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग सदाशिव खानखोजे हे इंग्रजी राज्याच्या काळीं देशाबाहेर पडले आणि पुढें मेक्सिकोंत कृषिशास्त्रज्ञ म्हणून नांवारूपास आले. तेथें १९३६ सालीं जान सिंदिक या बेल्जियन स्त्रीशीं त्यांचा विवाह झाला. स्वातंत्र्यानंतर त्यांनीं मायदेशीं परतण्यासाठीं अर्ज केला, तेव्हां तो प्रथम नाकारला गेला. कारण इंग्रजांनीं केलेल्या काळ्या यादींत त्यांचें नांव होतें, आणि राज्य गेलें तरी यादी राहिली होती. पुढें तो निर्णय फिरला. खानखोजे नागपुरास स्थायिक झाले आणि १९६७ सालीं तेथेंच निवर्तले. ज्या देशासाठीं आयुष्य वेंचलें त्याच देशाच्या दप्तरांतील एक जुनी नोंद माणसाला अडवूं शकते, तर परक्या देशाचें दप्तर भावनेनें हलेल ही आशा व्यर्थ होय.

लग्नाचें नांव सांगून येणाऱ्यांकडे संशयानें पाहण्याची वृत्ति किती टोंकाला जाऊं शकते, हें १९७९ सालीं दिसलें. त्या वर्षाच्या जानेवारींत लंडनच्या हीथ्रो विमानतळावर, ब्रिटनमध्यें राहणाऱ्या आपल्या नियोजित वराशीं लग्न करण्यासाठीं आलेल्या एका भारतीय शिक्षिकेची कौमार्यपरीक्षा करण्यांत आली. ही बातमी फुटतांच क्षोभ उसळला आणि ती लज्जास्पद प्रथा बंद करावी लागली. पुढें १९८५ च्या मे महिन्यांत युरोपीय मानवी हक्क न्यायालयानें ब्रिटनच्या नियमांतील आणखी एक अन्याय दाखवून दिला. तेथें स्थायिक असलेल्या पुरुषाला पत्नी आणणें सोपें होतें, पण स्थायिक स्त्रीला पति आणणें अवघड होतें. सरकारनें हा भेद मिटविला खरा. परंतु स्त्रियांची वाट सुलभ करून नव्हे, तर पुरुषांवरहि तशाच कडक अटी लादून. लग्नाचा मुख्य हेतु ब्रिटनमध्यें प्रवेश मिळविणें हा नव्हता, असें सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर टाकणारा नियमहि अनेक वर्षें चालला आणि १९९७ सालीं रद्द झाला.

हा सर्व इतिहास ध्यानांत घेतला म्हणजे आजच्या अर्जांतील प्रश्नांचा रोख समजतो. देश कोणताहि असो, अधिकारी शेवटीं चारच गोष्टी पाहतो. लग्न कायदेशीर आहे काय? तें खरें आहे काय? येणाऱ्याचा निर्वाह कोण करणार? आणि येणारी व्यक्ति आरोग्यानें, वर्तनानें व भाषेनें त्या देशास चालण्याजोगी आहे काय? अर्जाचे रकाने कितीहि असले तरी ते या चार प्रश्नांपैकीं एकाचे पोटप्रश्न असतात.

पहिला प्रश्न कायद्याचा. येथें वर सांगितलेल्या मुलीची पहिली अडचण उभी राहते. नायकाची साक्ष, पत्रिका, मंगळसूत्र हें सारें खरें. परंतु परदेशांतील अधिकाऱ्याला हवा असतो तो सरकारी दाखला. महाराष्ट्रांत १९९८ च्या कायद्यानें विवाहनोंदणीची व्यवस्था आहे, आणि गांवांत हें काम ग्रामपंचायतीच्या ग्रामसेवकाकडे असतें. लग्नानंतर नव्वद दिवसांच्या आंत वधूवर, तीन साक्षीदार आणि लग्न लावणारा यांच्या सह्यांनिशीं ज्ञापन द्यावयाचें असतें. सर्वोच्च न्यायालयानेंहि १४ फेब्रुवारी २००६ रोजीं सर्व धर्मांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करण्याचे निर्देश राज्यांना दिले. तरीहि अनेक घरांत ही नोंद "पुढें पाहूं" म्हणून राहून जाते. नवरा परत गेल्यावर दोघांनीं मिळून सही करावयाची म्हणजे पुन्हां विमानाचें तिकीट आलें. म्हणून लग्नाची तिथि ठरवितांना नोंदणीचा दिवसहि ठरवावा, आणि तो वराच्या रजेच्या आंत असावा.

दाखला हातीं आला म्हणजे तो बारकाईनें वाचावा. वधूचें नांव पासपोर्टावर एका रीतीनें, शाळेच्या दाखल्यावर दुसऱ्या रीतीनें आणि विवाहाच्या दाखल्यावर सासरच्या आडनांवासह तिसऱ्या रीतीनें, असा प्रकार मराठी घरांत नित्याचा आहे. घरांत त्याचें कोणालाच कांहीं वाटत नाहीं. परक्या अधिकाऱ्याला मात्र त्या तीन निरनिराळ्या स्त्रिया वाटूं शकतात. लग्नानंतर नांव बदललेंच पाहिजे अशी कायद्याची सक्ति नाहीं. बदलावयाचें असेल तर सर्व ठिकाणीं बदलावें. नसेल तर कोठेंच बदलूं नये. दाखला मराठींत असेल तर त्याचें प्रमाणित भाषांतर जोडावें लागतें. कांहीं देशांना दाखल्यावर ॲपोस्टिल नांवाची मोहोर हवी असते. हेग येथील १९६१ च्या करारानें ही पद्धति सुरू झाली आणि भारतांत ती १४ जुलै २००५ पासून लागू आहे. आधीं राज्य सरकारच्या अधिकाऱ्याकडून आणि मग परराष्ट्र मंत्रालयाकडून हें काम होतें.

दुसरा प्रश्न नात्याच्या खरेपणाचा. हा प्रश्नच पुष्कळांना अपमानकारक वाटतो. शंभर माणसें जेवून गेलीं, आणि लग्न खोटें? परंतु केवळ प्रवेशासाठीं केलेलीं लग्नेंहि जगांत होतात, आणि अधिकाऱ्याला त्यांतून खरीं निवडावयाचीं असतात. घरच्यांनीं जुळविलेल्या लग्नांत वधूवरांची ओळख थोडी असते, हें येथील माणसाला स्वाभाविक वाटतें. परदेशांतील अधिकाऱ्याला तें सांगावें लागतें. स्थळ कोणीं सुचविलें, पहिली भेट कोठें झाली, साखरपुडा कधीं झाला, लग्नास दोन्हीकडचे कोण आले, नंतर दोघें एकमेकांशीं कसा संबंध ठेवीत आहेत, याची साधी, क्रमवार हकीकत दोघांनीं आपापल्या शब्दांत लिहावी. छायाचित्रें थोडीं पण निरनिराळ्या प्रसंगांचीं असावींत. प्रवासाचीं तिकिटें, एकमेकांस पाठविलेले पैसे, संभाषणाच्या नोंदी यांचा उपयोग होतो. पानें पुष्कळ झालीं म्हणून पुरावा भक्कम होत नाहीं. तारखा जुळल्या म्हणजे होतो. पतीनें पहिली भेट दिवाळींत झाली असें लिहावें आणि पत्नीनें मुलाखतींत संक्रांत सांगावी, एवढ्यानेंहि खऱ्या लग्नावर संशय येतो.

तिसरा प्रश्न निर्वाहाचा. आणि खरीं लग्नें अडतात तीं बहुधा येथेंच. ब्रिटनमध्यें २०१२ सालीं पति किंवा पत्नी आणणाऱ्यासाठीं वर्षास १८,६०० पौंड इतकी किमान उत्पन्नाची अट घालण्यांत आली. ११ एप्रिल २०२४ पासून नव्या अर्जदारांसाठीं ती २९,००० पौंड झाली. आपल्या उदाहरणांतील मुलीला येथें मोठा धक्का बसतो. तिचा पुण्याचा पगार कितीहि असला, तरी भारतांत बसून अर्ज करतांना तो या हिशेबांत धरला जात नाहीं; पाहिलें जातें तें ब्रिटनमधल्या जोडीदाराचें उत्पन्न. पुरेशी रोकड शिल्लक दाखविल्यास ही उणीव भरून काढतां येते, आणि ती शिल्लक तिच्या नांवावरची असली तरी चालते. मात्र ती सहा महिने सतत हातांत असली पाहिजे. अर्जाच्या आदल्या आठवड्यांत काकामामांनीं खात्यांत भरलेली रक्कम उपयोगी पडत नाहीं. म्हणूनच नोकरी किती दिवसांची आहे, पगारपत्रकें किती महिन्यांचीं आहेत, ही चौकशी सोयरीक ठरवितांना संकोच न धरतां करावी. यांत वराचा उपमर्द नाहीं. हाच प्रश्न त्याचें सरकार त्याला पुढें विचारणार आहे.

अमेरिकेंत ही जबाबदारी निराळ्या रीतीनें घेतली जाते. तेथील पति प्रथम नात्याची मान्यता मिळविण्यासाठीं सरकारकडे विनंतिअर्ज करतो, आणि पत्नीच्या निर्वाहाचें प्रतिज्ञापत्र देतो. त्याचें उत्पन्न साधारणतः सरकारनें ठरविलेल्या दारिद्र्यमर्यादेच्या १२५ टक्के असावें लागतें. येथें एक भेद ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. पति अमेरिकेचा नागरिक असेल तर त्याच्या पत्नीला वार्षिक संख्येची मर्यादा नाहीं. पति केवळ कायम रहिवासी, म्हणजे ग्रीन कार्डधारक असेल, तर ती मर्यादा आड येते आणि वाट पाहण्याचा काळ वाढूं शकतो. "मुलगा अमेरिकेंत असतो" एवढ्या माहितीवर समाधान मानणाऱ्या घराला हा भेद लग्नानंतर कळतो. कॅनडांत जोडीदाराला बोलावणाऱ्यानें तीन वर्षें त्याच्या निर्वाहाचा भार उचलण्याची हमी द्यावयाची असते.

चौथा प्रश्न येणाऱ्या व्यक्तीविषयींचा. ब्रिटनमध्यें दीर्घ मुदतीसाठीं जाणाऱ्या भारतीयास मान्यताप्राप्त केंद्रांतून क्षयरोगाच्या तपासणीचा दाखला आणावा लागतो. इंग्रजी भाषेची प्राथमिक परीक्षाहि द्यावी लागते. इंग्रजी माध्यमांतून पदवी घेतली असेल तर तिचा दाखला चालूं शकतो, पण तोहि नेमलेल्या संस्थेकडून पडताळून घ्यावा लागतो. जर्मनींत २००७ सालापासून, कांहीं अपवाद सोडल्यास, जोडीदाराला प्रस्थानापूर्वींच साध्या जर्मनची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. पुण्यामुंबईच्या मॅक्सम्युलर भवनांत नवविवाहित विद्यार्थिनी दिसतात, त्यांतल्या कांहींच्या अभ्यासामागें साहित्याच्या गोडीपेक्षां संसाराची घाई असते. ही भाषा महिन्यादोन महिन्यांत घोकून होण्यासारखी नाहीं. साखरपुड्यानंतर लगेच आरंभ करावा हें उत्तम.

या चार प्रश्नांतून सुटण्यासाठीं कांहीं लोक आडवाट सुचवितात. "आधीं प्रवासी म्हणून जा, मग तेथें पाहूं," असा सल्ला देणारा हितचिंतक प्रत्येक लग्नघरांत एक तरी भेटतो. ब्रिटनमध्यें पाहुण्याच्या परवान्यावर गेलेल्यास तेथेंच राहून जोडीदाराचा परवाना घेण्याची सामान्यतः मुभा नाहीं. शिवाय प्रवासाचा हेतु खोटा सांगितला ही नोंद दप्तरांत राहते आणि पुढच्या प्रत्येक अर्जावर तिची छाया पडते. दलालानें भरून दिलेल्या अर्जाचीहि गत तीच. सही ज्याची, जबाबदारी त्याची. न वाचलेल्या अर्जावर सही करणें म्हणजे न पाहिलेल्या घरावर कर्ज काढणें होय. पूर्वीं कधीं व्हिसा नाकारला गेला असेल, पहिला विवाह होऊन मोडला असेल, तर तें लपवूं नये. उघड केलेली अडचण समजावून सांगतां येते. उघडकीस आलेली लबाडी समजावून सांगतां येत नाहीं.

येथपर्यंत विचार झाला तो दार उघडण्याचा. परंतु याहून महत्त्वाचा प्रश्न दार उघडल्यानंतरचा आहे, आणि त्याकडे मुलीच्या घरच्यांचें लक्ष क्वचितच जातें. हा परवाना बहुधा मुदतीचा आणि लग्नावर अवलंबून असतो. ब्रिटनमध्यें बाहेरून येणाऱ्या जोडीदारास पहिल्यानें दोन वर्षें नऊ महिन्यांची परवानगी मिळते, मग ती वाढवून घ्यावी लागते, आणि त्यानंतर कायम वास्तव्य मागतां येतें. अमेरिकेंत प्रवेशाच्या वेळीं लग्नाला दोन वर्षें झालीं नसतील तर दोन वर्षांचा सशर्त रहिवास मिळतो, आणि ती शर्त काढण्याचा अर्ज सामान्यतः दोघांनीं मिळून करावयाचा असतो. जर्मनींत स्वतंत्र वास्तव्याचा हक्क मिळण्यासाठीं संसार साधारणपणें तीन वर्षें तेथें चाललेला असावा लागतो. म्हणजे परक्या देशांत, परक्या भाषेंत, नवी आलेली पत्नी ज्याच्या शब्दावर तेथें राहते, तोच तिला छळूं लागला तर तिनें जावें कोठें? "तक्रार केलीस तर परत पाठवीन," ही धमकी या रचनेंतूनच जन्मास येते.

हा दोष त्या त्या देशांच्याहि लक्षांत आला आहे. कॅनडानें २०१२ सालीं नव्या जोडीदारांवर दोन वर्षें एकत्र राहण्याची शर्त घातली होती. छळाला बळी पडणाऱ्या व्यक्ति या शर्तीमुळें अडकून पडतात हें दिसल्यावर २०१७ सालीं ती काढून टाकली. अमेरिकेंत १९९४ च्या कायद्यानें छळ झालेल्या जोडीदारास पतीच्या सहीवांचून स्वतः अर्ज करण्याची सोय केली. ब्रिटनमध्यें घरगुती छळामुळें लग्न मोडल्यास कायम वास्तव्यासाठीं स्वतंत्र अर्ज करतां येतो. जर्मनींतहि अशा प्रसंगीं तीन वर्षांची अट शिथिल होऊं शकते. धमकी देणारा या तरतुदी सांगत नाहीं. म्हणून मुलीला त्या निघण्यापूर्वींच ठाऊक असल्या पाहिजेत. अनिवासी भारतीयांशीं विवाह झालेल्या स्त्रियांच्या तक्रारींसाठीं आपल्या राष्ट्रीय महिला आयोगांतहि २००९ पासून स्वतंत्र कक्ष आहे. 

माहेरनें मुलीबरोबर दागिने द्यावेत कीं न द्यावेत हा ज्याचा त्याचा प्रश्न. परंतु चार वस्तु अवश्य द्याव्यात. तिचा पासपोर्ट तिच्याजवळ राहील अशी शिकवण द्यावी. अर्जाच्या सर्व कागदांची एक प्रत तिच्यापाशीं आणि एक माहेरीं असावी. तिच्या एकटीच्या नांवाचें बँकेचें खातें असावें. आणि आपला परवाना कोणत्या प्रकारचा आहे, त्याची मुदत कधीं संपते, हें तिला तोंडपाठ असावें. यांत जांवयावर अविश्वास दाखविल्यासारखें कांहीं नाहीं. चांगला जांवई या चारहि गोष्टींना आनंदानें मान्यता देईल. आणि जो देणार नाहीं, त्याच्याविषयींची माहिती लग्नापूर्वीं मिळाली हा लाभच समजावा.

परक्या देशांच्या कडकपणाविषयीं बोलतांना आपल्या देशाचें दारहि एकदां पाहावें. समजा, पोहरादेवीचा एखादा तरुण परदेशी पत्नी घेऊन गांवीं राहावयास आला. वधू हिंदु नसेल तर हिंदु विवाह कायदा येथें लागू पडत नाहीं. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणें नोटीस द्यावी लागते, दोघांपैकीं एकाचें तरी त्या जिल्ह्यांत आधीं तीस दिवस वास्तव्य असावें लागतें, आणि नोटिशीनंतर आणखी तीस दिवस थांबावें लागतें. पत्नीला नात्याच्या आधारें प्रवेशाचा व्हिसा मिळतो. त्याची मुदत १८० दिवसांहून अधिक असल्यास सामान्यतः आल्यापासून चौदा दिवसांच्या आंत परकीय नागरिक म्हणून नोंद करावी लागते. जुने परकीय नागरिकांचे कायदे एकत्र करून केलेला नवा कायदा १ सप्टेंबर २०२५ पासून अमलांत आला आहे. विवाहाची नोंद होऊन तो सलग दोन वर्षें टिकल्यावर परदेशस्थ भारतीय नागरिक म्हणून ओळखपत्र मागतां येतें. पाकिस्तान आणि बांगला देश येथील नागरिकांना मात्र ही सोय नाहीं. हें ओळखपत्र म्हणजे नागरिकत्व नव्हे. त्यानें मताचा अधिकार मिळत नाहीं, शेतजमीनहि विकत घेतां येत नाहीं, आणि घटस्फोट झाल्यास तें रद्द होऊं शकतें. नागरिकत्वासाठीं अर्ज करण्यापूर्वीं भारतांत सात वर्षांचें वास्तव्य लागतें.

आपल्या कायद्याचीहि दृष्टि कालांतरानेंच बदलली. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यांत ही विवाहाच्या नात्याची सोय भारतीयांशीं लग्न केलेल्या स्त्रियांनाच होती. भारतीय स्त्रीच्या परदेशी पतीला ती नव्हती. हा भेद १९८६ सालीं काढून टाकण्यांत आला. तेव्हां जो प्रश्न पुण्याची मुलगी ब्रिटिश अधिकाऱ्याला विचारते, तोच एखादी परदेशी सून वाशीमच्या कचेरींत विचारीत असते, आणि तिलाहि चारच गोष्टींचीं उत्तरें द्यावीं लागतात.

माणसांनीं हद्दी ओलांडून सोयरिकी करणें थांबविलेलें नाहीं, आणि थांबवूंहि नये. बैलांच्या तांड्यांबरोबर गेलेल्या लेकी परक्या मुलखांत रुजल्या, तशाच आजच्याहि रुजतील. फरक इतकाच कीं, पूर्वीं तांडा बरोबर चालत असे, आणि साक्ष देणारीं माणसें नवरीच्या भोंवतीं असत. आज ती एकटीच विमानांत बसते. तिच्या बाजूनें बोलणारे नायक, पंच आणि आईबाप मागें राहतात. तिच्याबरोबर जातो तो ग्रामसेवकाच्या वहींतून उतरलेला एक दाखला आणि पारखून लावलेल्या कागदांची एक चळत. म्हणून लग्नघरांत याद्या होतात त्या वेळीं मांडव, वाजंत्री आणि आहेर यांच्या खालीं एक ओळ आणखी लिहावी, आणि ती इतर सर्व कामांच्या आधीं पुरी करावी: विवाहाची नोंद, वधूच्या स्वतःच्या समक्ष आणि तिच्या स्वतःच्या नांवानें.